बारा मिनिटं

नव्या न्यायमूर्तींचा शपथविधी सोमवारी झाला.
मंगळवारी उमाठे बाईंनी खुर्ची दोन बोटं पुढे ओढली,
कूलरचं तोंड जरा माझ्याकडे वळवायला सांगितलं
(चोवीस एप्रिल काढले इथे, हे कुणी केलं नव्हतं)
आणि म्हणाल्या, "पुकारा."

मी लघुलेखक.
माझ्या वहीत रेघा, अर्धे कंस, ठिपके.
बायको म्हणते, मेलेले डास.
टाइप होईपर्यंत आत काय आहे
ते मला आणि शाईला ठाऊक.

अकरा नंबर :
कौसल्या नितनवरे, झाडूवाली, वय एकावन्न,
कागदावर विरुद्ध पालिका,
पण तिने बोट दाखवलं ते मनगटावरच्या घड्याळाकडे.
त्या घड्याळात वेळ दिसत नाही.
ती कुठे आहे तेवढं ते सांगतं,
तेही तिला नाही.

वकिलांनी पडद्यावर नकाशा लावला.
धरमपेठेच्या गल्ल्या, त्यांतून रांगणारा हिरवा ठिपका.
सहा दहा, चौक. सहा एकोणपन्नास, शाळेची मागची भिंत.
मग ठिपका लाल.
बारा मिनिटं जागचा हलला नाही.
"अर्धा दिवस कापलाय, मायलॉर्ड," आणि जीभ चावून, "मायलेडी.
लपवण्यासारखं काही नसेल तर सांगायला काय हरकत?"

हे वाक्य माझा हात झोपेतही लिहितो.

बाईंनी तिला पुढे बोलावलं.
"बरं नव्हतं का?"
कितीतरी जण अशी उघडी खिडकी पाहून उडी मारतात.
"बरी होती."
"मग कुठे होतात?"
"काहून सांगू, साहेब?
रस्ता झाडला का नाई ते पाहा. रस्ता तुमचा हाये.
बारा मिन्टं माही हायेत."

'काहून'ला माझ्या लिपीत खूण नाही.
इंग्रजांनी ती केली नाही, मीही कधी केली नाही.
पेन हवेत राहिलं.

घड्याळ काढा, म्हणाल्या.
पट्टा घामाने चिकटला होता, निघता निघेना.
खाली एक फिकी पट्टी,
नागपूरच्या उन्हाने अजून न पाहिलेली.
सगळ्या कोर्टाने ती पाहिली.
तिने पदर ओढून झाकली,
आणि मला वाटलं, लागला निकाल.

लागला नाही.
पुढचा दीड तास प्रश्न :
नकाशा कोण पाहतं, कोणत्या कंपनीत साठतो, किती वर्षं,
पुसतो कोण, पुसला हे कळतं कसं.
वकील फाइल चाळत राहिले. फाइलीत उत्तरं नव्हती,
दरपत्रक होतं.
"रात्री घड्याळ कुठे असतं?"
"तिच्याच घरी, चार्जिंगला."
"म्हणजे तुम्हीही तिच्याच घरी."
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपलं.

निकाल राखून ठेवला. तोवर पगार कापू नये.
आणि खालच्या आवाजात, मला, लिहून घ्या :
अर्जदाराने त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज नाही.
आदेश इंग्रजीत. ते वाक्य टाइप करताना
मी एकही चूक केली नाही. एरवी होतात.

सायंकाळी सायकल स्टँडपाशी मला तो लाल ठिपका आठवला.
शाळेची मागची भिंत.
तिथे बहावा असेल, या दिवसांत पिवळा झालेला.
किंवा कुणाच्या ओट्यावर चहा. किंवा कुणीतरी...
आणि मी थांबलो,
दुसऱ्याचं पाकीट हातात घेतल्यासारखा.

रात्री जेवताना फोन उजळला :
'आज तुम्ही सिव्हिल लाइन्समध्ये होता.
या जागेला किती तारे द्याल?'

"काहून?" मी म्हणालो, मोठ्याने.
आतून बायको म्हणाली,
"काय काहून? भाजी खारट झाली का?"